आज्याचा ट्रॅक्टर नातवाच्या हाती : मराठवाड्यातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमचं गाव पाथरी तालुक्यातलं, जिल्हा परभणी. आज्याने १९७६ साली घेतलेला एचएमटी २५११ अजून आमच्या गोठ्याशेजारच्या पत्र्याखाली उभा असतो आणि हंगामात रानात जातो. आज्यानंतर तो माझ्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, सांभाळला. आता मी आणि माझा चुलतभाऊ सांभाळतो, आणि माझी लेक व त्याचा पोरगा पाना-पक्कड घेऊन आमच्या मागे असतात. पोळ्याला, दसऱ्याला, लग्नकार्यात लोक ट्रॅक्टर बघायला येतात आणि जवळजवळ तेच ते प्रश्न विचारतात. ते इथे मांडले आहेत. उत्तरं आमच्या अनुभवातली आहेत. कायद्याचं जिथे आहे, तिथे कायद्यात आहे तेच दिलं आहे.

जुना ट्रॅक्टर म्हणजे किती वर्षांचा?

ठरलेला आकडा नाही. केंद्र सरकारने २०२१ मध्ये ५० वर्षांपेक्षा जुन्या वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम केले, पण ते दुचाकी आणि प्रवासी मोटारगाड्यांसाठी आहेत. शेतीचा ट्रॅक्टर त्यात येत नाही. त्यामुळे वेगळ्या नंबरप्लेटच्या मागे लागू नका, आपली नेहमीची नोंदणी चालू ठेवा.

मी स्वतः वयापेक्षा दुसरी एक खूण धरतो. ज्या ट्रॅक्टरचं इंजिन गावातला मिस्त्री झाडाखाली बसून उघडू शकतो, ज्यात संगणकाचा एकही सुटा भाग नाही, आणि ज्यावर घरातल्या किमान दोन पिढ्यांनी काम केलं आहे, तो जुना.

आपल्या भागात कोणकोणते जुने ट्रॅक्टर बघायला मिळतात?

सगळ्यात आधी आले ते परदेशी : राखाडी फर्ग्युसन, फोर्डसन, रशियन, झेटर. असं एखादं धूड अजूनही एखाद्या वाड्याच्या मागे बाभळीत अडकलेलं दिसतं. फर्ग्युसनचं नाव मुद्दाम घ्यावं लागतं, कारण आज आपण ज्याला लिफ्ट म्हणतो, ती तीन टोकांवर अवजार धरणारी आणि हायड्रॉलिकने उचलणारी रचना हॅरी फर्ग्युसन यांची. १९४६ पासून इंग्लंडात निघालेल्या त्यांच्या टीई-२० या ट्रॅक्टरने ती जगभर नेली. तोपर्यंत नांगर नुसता मागे बांधून ओढायचा. नव्या रचनेत नांगराचा ताण मागच्या चाकांवर वजन होऊन बसू लागला, म्हणून हलका ट्रॅक्टरही जड नांगर ओढू लागला. तुमच्या दारातल्या नव्या कोऱ्या ट्रॅक्टरच्या मागेही तेच तीन दांडे आहेत. एकदा पोरांना दोन्ही शेजारी उभे करून दाखवा.

मग देशी आले. भारतात बांधलेला पहिला आयशर २४ एप्रिल १९५९ रोजी फरिदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडला. एका सिलिंडरचा, हवेवर थंड होणारा आयशर कोरडवाहू गावांत लोकांच्या मनात बसला, कारण त्याला रेडिएटर नाही. उन्हाळ्यात माणसाला पाणी मिळायची मारामार, तिथे इंजिनासाठी घागर भरायची गरज नाही ही लहान गोष्ट नव्हती. त्याचा ठोका लांबून ओळखू येतो. आमच्याकडचे म्हातारे बांधावर बसून सांगायचे, "त्यो बघ, आयशर यायलाय."

इंटरनॅशनलचा बी-२७५ मुंबईत कांदिवलीला बनायचा. महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी १९६३ मध्ये मिळून कंपनी काढली होती, पुढे १९७७ मध्ये ती महिंद्रात विलीन झाली. मॅसी फर्ग्युसन मद्रासच्या टॅफे कंपनीकडून आला, आणि त्याचा १०३५ तर आपल्याकडे घरटी ओळखीचा. एस्कॉर्ट्सने आपल्या नावाचे ट्रॅक्टर काढले आणि १९७१ पासून फोर्ड ३००० फरिदाबादला बांधला. त्याच साली एचएमटीने हरियाणातल्या पिंजोरला चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरचं तंत्र घेऊन २५११ सुरू केला. स्वराज ७२४ हा १९७४ चा. तो दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, म्हणजे आपल्याच देशात आखला गेला.

मराठवाड्यात लोकांनी ट्रॅक्टर घेतला तो कशासाठी?

आमच्या घरचं सांगतो, कारण ते बऱ्याच घरांचं आहे.

आमचं रान काळं, भारी. उन्हाळ्यात त्याला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात त्यात बैलाचा पाय गुडघ्यापर्यंत रुततो. शिवाय हरळी आणि कुंदा ही तणं. कुंद्याची मुळं इतकी खोल जातात की लाकडी नांगराने तो मरत नाही, उलट वाढतो. आठ-आठ बैलांचा नांगर धरूनही एखादा तुकडा कुंद्याने भरलेलाच राहायचा. म्हणून पहिले ट्रॅक्टर आले ते भाड्याने, कुंदा काढायला. गावात दुसऱ्याचा ट्रॅक्टर नांगरताना बघूनच आज्याने मनात धरलं होतं.

मग १९७२ चा दुष्काळ. चारा नाही, पाणी नाही. आमच्या दावणीला सहा बैल होते, त्यातले दोन राहिले. घरातली माणसं रोजगार हमीच्या खडीवर गेली. त्या दोन वर्षांनी आज्याचं मन बैलांवरून उडालं असं नाही, तो शेवटपर्यंत बैलांना भाकर चारायचा. पण दावण रिकामी होताना त्याने बघितली होती, आणि पुन्हा सगळा भार जिवंत जनावरावर टाकायची त्याची तयारी नव्हती.

तिसरं कारण जायकवाडी. पैठणच्या धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी केली आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालं. डावा कालवा आमच्याकडे येणार, ऊस होणार, अशी हवा होती. आज्याने जमीन तारण ठेवून कर्ज काढलं आणि ट्रॅक्टर आणला. आमची आजी त्या दिवशी रडली होती. आनंदाने की कर्जाच्या धसक्याने, ते तिने कधी सांगितलं नाही. भाकरतुकडा मात्र तिनेच ओवाळून टाकला.

आमचा ट्रॅक्टर दहा-बारा वर्षं उभा आहे. बॅटरी जोडून सेल्फ मारून बघू का?

नको. सगळ्यात जास्त नुकसान याच एका घाईने होतं. त्याहून वाईट म्हणजे दुसऱ्या ट्रॅक्टरला साखळी लावून ओढत चालू करणं. गंजलेले पिस्टन लायनरमध्ये, म्हणजे ते ज्या नळीत खाली-वर होतात तिच्यात, धरलेले असतात. जोर लावला की रिंगा तुटतात, कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि जे तीन दिवसांत सुटलं असतं त्याला पूर्ण इंजिन काढावं लागतं.

आधी नुसतं बघा. सायलेन्सरच्या तोंडावर डबा पालथा घातलेला नसेल तर आत पाणी गेलं आहे असंच धरा. एअर क्लीनर उघडा. उंदरांचं घर, कुंभारमाशीची माती, सगळं सापडतं. ऑईल बाथ, म्हणजे तेलाच्या वाटीचा क्लीनर, असेल तर खालची वाटी काढून धुवा आणि खुणेपर्यंत नवं ऑईल भरा. मग इंजिनचं जुनं ऑईल काढा. ते दुधाळ, चहासारखं निघालं तर आत पाणी शिरलं आहे, आणि मग मिस्त्री आल्याशिवाय पुढे जायचं नाही.

ऑईल ठीक असेल तर नोझल, म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे भाग, काढा. प्रत्येक सिलिंडरमध्ये डिझेल आणि इंजिन ऑईल अर्धं-अर्धं मिसळून अर्धी वाटी सोडा आणि दोन-तीन दिवस तसंच राहू द्या. नंतर इंजिन हाताने फिरवून बघा : हँडल असेल तर हँडलने, नाहीतर क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून, पुढे-मागे, हलक्या हाताने. हललं नाही तर पुन्हा डिझेल, पुन्हा वाट. आमच्या एका पाहुण्याचा फोर्ड अकराव्या दिवशी सुटला. रोज सकाळी चहाआधी तो एक हात लावून यायचा.

इंजिन मोकळं फिरायला लागलं की नवं इंजिन ऑईल भरा, नोझल परत बसवा आणि डिझेलकडे वळा. टाकीतलं जुनं डिझेल पूर्ण काढा, तळाला काळा गाळ आणि पाणी असतंच. फिल्टर नवे टाका. नवं डिझेल भरून एअर, म्हणजे पायपांत अडकलेली हवा, काढा : आधी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून हातपंप मारत राहा, बुडबुडे थांबून नुसती धार आली की स्क्रू आवळा. मग पंपावरचा स्क्रू, तसंच. शेवटी नोझलच्या पायपांचे नट सैल करून सेल्फ द्या. डिझेल यायला लागलं की नट बंद. डिझेल उडवणाऱ्या नोझलसमोर हात कधीही धरू नका. ती फवार कातडी भेदून आत जाते, आणि दिसायला टाचणीएवढी वाटणारी ती जखम लगेच दवाखान्यात न्यावी लागते.

रेडिएटर असेल तर पाणी भरून अर्धा तास थांबा, खाली ओल दिसते का बघा.

आणि एक गोष्ट, जी बरेच जण सांगायची विसरतात. बरीच वर्षं उभ्या इंजिनात डिझेल पंपाची दांडी आतल्या आत अडकलेली असू शकते. तसं असेल तर इंजिन चालू होताच वेग धरतं आणि बंद करायची दोरी ओढली तरी ऐकत नाही. म्हणून पहिल्यांदा चालू करताना एक माणूस एअर क्लीनरची नळी काढून तिथे सपाट जाड फळी घेऊन उभा पाहिजे. इंजिन सुसाट सुटलं की हवेचं तोंड फळीने बंद. हात नाही, कापड नाही. ते आत ओढलं जातं.

चालू झाला, पण धूर काढतोय.

काळा धूर म्हणजे हवा कमी किंवा डिझेल जास्त. आधी एअर क्लीनर, मग नोझल, मग पंप. निळा धूर म्हणजे इंजिन ऑईल जळतंय : रिंगा किंवा व्हॉल्व्ह गाईड. पांढरा धूर थंडीत सुरुवातीला थोडा येणारच. पण तो थांबत नसेल आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल तर हेड गॅस्केट बघून घ्या.

क्लच दबतच नाही, किंवा दबतो पण सुटत नाही.

उभ्या ट्रॅक्टरची क्लच प्लेट फ्लायव्हीलला चिकटते. आता मिस्त्रीकडून सोडवून घ्या, आणि पुढच्या वेळी पावसाळ्यात उभा करताना पेडल दाबून लाकडी ठोकळा अडकवून ठेवा. पुढच्या-मागच्या आसाखालीही ठोकळे द्या, म्हणजे टायरवर भार राहत नाही.

कंपनीच बंद झाली. पार्ट आणायचे कुठून?

हा प्रश्न एचएमटीवाल्यांचा, म्हणजे माझाही. पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ मध्ये झाला. पण ट्रॅक्टर त्यामुळे मेला नाही.

पहिलं, बेअरिंग. कुठल्याही कंपनीचा ट्रॅक्टर असो, बेअरिंगच्या कडेवर कोरलेला नंबर बहुतेक वेळा जगभर एकच असतो. नंबर घेऊन जिल्ह्याच्या गावच्या बेअरिंगच्या दुकानात जा, ट्रॅक्टरचं नाव सांगायचीही गरज नाही. ऑईल सीलचंही तेच : आतलं माप, बाहेरचं माप, जाडी. बऱ्याच देशी ट्रॅक्टरांवर डिझेल पंप मायकोचा असतो. बंगळूरच्या त्या कंपनीचं नाव २००८ पासून बॉश झालं, आणि जुने पंप दुरुस्त करणारे कारागीर परभणी, नांदेड, लातूर, जालना, सगळीकडे आहेत. पंप खोलायला मात्र त्यांच्याकडेच न्या. पाण्याच्या मोटारीचा फिटर कितीही हुशार असला तरी पंप त्याच्या हाती देऊ नका.

लायनर, पिस्टन, रिंगा यांचे जोड चाललेल्या बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांसाठी बाजारात अजून निघतात. अडतं ते लहान गोष्टींना : लिफ्टमधली एखादी पिन, गिअरचा काटा, स्टिअरिंगचं बुश. त्यासाठी लेथवाला पाहिजे. आमच्याकडे दोन लेथवाले आहेत. त्यातल्या म्हाताऱ्याकडे आम्ही जातो, कारण तो आधी विचारतो, "हे तुटलं कामून?" आणि मगच मशीन चालू करतो.

म्हणून तुटका पार्ट फेकू नका. तोच नमुना आहे. आमच्या घरी तेलाच्या डब्यात १९८० पासूनचे तुटके पार्ट आहेत. प्रत्येकाला तार बांधून पुठ्ठ्यावर अण्णांनी तारीख लिहिली आहे. आज्याच्या वेळचा एक काटा बघून मागच्या वर्षी नवा करून घेतला.

रंग द्यावा का?

गंज खात असेल तर द्यावा. पण आधी सगळीकडून फोटो काढा, आणि इंजिन नंबर, चेसिस नंबर, कंपनीची पितळी पट्टी यांच्यावर रंग जाऊ देऊ नका. मूळ रंग शोधायचा असेल तर बॅटरीच्या बैठकीखाली किंवा हत्याराच्या पेटीच्या आत बघा. तिथे ऊन पोचलेलं नसतं.

आमच्या बॉनेटच्या आतल्या बाजूला आज्याने ऑईल पेंटने कर्जाचे हप्ते लिहिले होते. ते आम्ही तसेच ठेवले आहेत. बाहेरून रंग नवा, आतून त्याचं अक्षर. कुणी कितीही म्हणालं तरी असं काही पुसू नये असं मला वाटतं.

ट्रॅक्टर अजून आजोबांच्या नावावर आहे, ते जाऊन वीस वर्षं झाली.

निम्म्या घरांत हेच आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे मालक वारल्यावर वारसाने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं, आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून नावावर करून घ्यायचं असतं. उशीर झाला असेल तरी काम होतं, दंड भरावा लागतो. मृत्यू दाखला, वारसाचा पुरावा आणि बाकीच्या वारसांची संमती एकदम गोळा करून जा. आत्यांच्याही सह्या लागतात, त्यांना आधी भेटा. नुसता कागद पाठवू नका.

शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी पहिल्यांदा १५ वर्षांची असते, पुढे फॉर्म २५ वर दर वेळी ५ वर्षांनी वाढते. दहा वर्षांनंतर ट्रॅक्टर भंगारात घालावाच लागतो असा संदेश मोबाईलवर फिरतो. तो खोटा आहे, आणि केंद्रीय परिवहन मंत्रालयाने तसं जाहीर खुलासा करून सांगितलं आहे.

जुन्या नोंदणी पुस्तकावर बँकेचा बोजा लिहिलेला असतो. कर्ज फिटलं असलं तरी ती नोंद आपोआप निघत नाही. बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ लागतो. सातबाऱ्यावरचा बोजाही त्याच वेळी बघून घ्या. आमच्या घरी तो फिटल्यानंतर सतरा वर्षं तसाच होता.

नंबर १९८९ च्या आधीचा असेल तर एमपासून सुरू होणारी तीन अक्षरं असतील. परभणीचा एमएच-२२, नांदेडचा एमएच-२६, लातूरचा एमएच-२४ हे सगळं नंतरचं. जुना नंबर जपा. आणि रस्त्यावर न्यायचा असेल तर विमा हवाच, किमान तिसऱ्या पक्षाचा.

भावांत वाटणी झाली. ट्रॅक्टर कुणाचा?

जमीन मोजून वाटता येते, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या लावता येतात. ट्रॅक्टर मात्र अख्खाच राहतो.

आमच्या घरी २००४ मध्ये अण्णा आणि चुलते वेगळे झाले. ट्रॅक्टरवरून शब्दाला शब्द लागला. मग "तुला नाही, मला नाही" म्हणून तो दोन वर्षं नुसता उभा राहिला. उंदरांनी वायरिंग खाल्लं, एक टायर उन्हाने फुटला. दोघंही येता-जाता बघायचे, बोलायचं मात्र कुणी नाही. तिसऱ्या वर्षी पोळ्याच्या आदल्या दिवशी चुलते बादली घेऊन आले आणि एकटेच ट्रॅक्टर धुवायला लागले. अण्णा आतून बघत होते. थोड्या वेळाने तेही पाना घेऊन गेले. दोघं काही बोलले नाहीत, पण संध्याकाळपर्यंत एअर काढून इंजिन चालू केलं होतं.

त्यानंतर जे ठरलं ते अजून चालतं. नाव एकाचं, पण एक वही आहे, ती ट्रॅक्टरच्या पेटीत असते. कुणी किती तास चालवला, डिझेल किती टाकलं, काय खडखडलं, हे त्यात लिहायचं. खर्च तासांप्रमाणे. ज्याच्या हाती मोडला त्यालाच दुरुस्ती भरायला लावायची नाही, कारण मग लोक मोडलेलं लपवतात. हा एक नियम आमच्या घरी फार उपयोगी पडला.

लेकरांना कधी आणि कसं शिकवावं?

आम्ही आधी ऐकायला शिकवतो. इंजिन चालू ठेवून विचारतो, "काय ऐकू यायलंय?" माझ्या लेकीने सातव्या वर्षी सांगितलं होतं की एक ठोका लंगडा आहे. खरंच एक नोझल ठिबकत होतं. मग ग्रीस गन, मग पान्यांची मापं, मग ऑईल बघणं. रस्त्यावर चालवायला १८ वर्षं पूर्ण आणि लायसन्स, त्यात माया करायची नाही.

मडगार्डवर लेकरू बसवायचं नाही. माझ्या पिढीतली सगळी पोरं मडगार्डवर बसूनच मोठी झाली, तरीही नाही. जुन्या ट्रॅक्टरला उलटला तर वाचवणारी चौकट नसते, आणि मडगार्डवरून घसरलेलं पोर थेट मागच्या चाकाखाली जातं. ट्रॉली किंवा अडकलेलं वाहन ओढायचं तर साखळी खालच्या ड्रॉबारलाच. वरच्या लिंकच्या जागी बांधली तर पुढची चाकं उचलतात आणि ट्रॅक्टर मागे पालथा पडतो, ओरडायलाही वेळ मिळत नाही.

मळणीच्या वेळी पीटीओच्या, म्हणजे ट्रॅक्टरमागून मळणीयंत्र फिरवणाऱ्या, शाफ्टवर झाकण पाहिजेच. तो मिनिटाला ५४० फेरे घेतो. आमच्या एका चुलत्यांचं उपरणं त्यात गेलं होतं. उपरणं जुनं होतं, फाटलं, म्हणून मान वाचली. त्या दिवसापासून आमच्या खळ्यावर उपरणं, ओढणी, पदर, सगळं कमरेला खोचलेलं असतं.

मुलींनाही शिकवता का?

हो. आमच्या घरात एअर सगळ्यात चांगली माझी लेक काढते. ती घाई करत नाही.

जुन्या ट्रॅक्टरला काम द्यावं, की नुसता जपून ठेवावा?

काम द्यावं, पण झेपेल ते. २५ ते ३५ हॉर्सपॉवरच्या म्हाताऱ्या इंजिनाला भारी काळ्या रानात खोल नांगरट किंवा मोठा रोटाव्हेटर देऊ नका. पाळी, हलका मोगडा, पेरणी, पाण्याची टाकी, शाळूची मळणी, एवढं त्याच्या वयाला शोभतं. सोयाबीनच्या पेरणीला आमचा २५११ अजून सरळ चालतो, आणि हलका असल्याने रान दाबत नाही.

माझी सासुरवाडी लातूरकडची. तिकडे येळवसेला भज्जीचं पातेलं आणि आंबिलीची घागर रानात न्यायचा मान सासऱ्यांच्या जुन्या मॅसीचा असतो. नवा ट्रॅक्टर दारात असला तरी. माणसं मागून पायी येतात, कारण ट्रॉलीत माणसं बसवायला कायद्याने मनाई आहे आणि ती बरोबर आहे.

महिन्यातून एकदा तरी इंजिन नीट तापेपर्यंत चालवा. पाच मिनिटं सुरू करून बंद करण्यात फायदा नाही, उलट आत ओल धरते.

पूजा पोळ्याला करायची की दसऱ्याला?

आमच्याकडे खंडेनवमीला अवजारांबरोबर होते, आणि पोळ्यालाही गंध-फूल लागतं. पण पोळ्याला आधी बैल. बैल नसले तर मातीचे बैल, मग ट्रॅक्टर. हा क्रम आज्याने लावून दिलेला आहे.

भंगारवाला चांगले पैसे देतोय. विकू का?

घरात पैशाची निकड असेल तर त्यात मी काही सांगणार नाही, घर आधी. निकड नसेल तर थांबा. भंगारात गेलेलं लोखंड भट्टीत वितळतं आणि त्याच्या सळया होतात, तिथून ते परत येत नाही. त्याऐवजी त्याच मॉडेलचा ट्रॅक्टर चालवणाऱ्या एखाद्या घराला द्या. पार्टसाठी का होईना, त्यांचा जगेल. विकलाच तर फॉर्म २९ आणि ३० भरून नाव बदलल्याशिवाय ताबा देऊ नका, नाहीतर उद्या अपघात झाला तर नोटीस तुमच्या दारात येईल.

आमचे आजोबा ऐंशीच्या पुढे आहेत. त्यांच्याकडून काय विचारून ठेवू?

घरात बसवून विचारू नका. त्यांना ट्रॅक्टरजवळ न्या, खुर्ची द्या, इंजिन चालू करा, मग बंद करून विचारा. हात स्टिअरिंगवर ठेवला की माणसाला आठवतं. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा.

विचारायचं असं : आणायला कोण-कोण गेलं होतं? कुठून चालवत आणला, रात्री मुक्काम कुठे केला? पहिलं रान कुणाचं नांगरलं? भाडं काय घेतलं? कर्जाचा हप्ता कसा फेडला? पहिल्यांदा मोडला तेव्हा कुणी दुरुस्त केला? थंडीत कसा चालू करायचे? गावात उताराला ट्रॅक्टर कुठे उभा करायचे, म्हणजे बॅटरी नसली तरी सुरू होईल? हे शेवटचं अण्णांनी मला दाखवलं, मारुतीच्या देवळापासचा उतार. आज्यानंतर तो कुणी वापरलाच नव्हता.

आमच्याकडे आज्याचा आवाज नाही. कॅसेटचा जमाना होता, सुचलं नाही. त्याच्या हातचं बॉनेटमधलं अक्षर आहे आणि त्याने बसवलेलं सीट आहे, एवढंच.

तुमचा ट्रॅक्टर बघायला आलं तर चालेल का?

या. मृगापासून पेरणी संपेपर्यंत तो रानात असतो, तेव्हा नको. दसऱ्यानंतर या. तुमचा एखादा पार्ट अडला असेल तर तुटका तुकडा सोबत आणा, डब्यात जोडीदार सापडेल. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल ज्याने कधीकाळी हा किंवा असा ट्रॅक्टर चालवला आहे, त्यांना घेऊन या. अण्णा आता उभे राहत नाहीत, पण पत्र्याखाली खाट टाकलेली असते, तिथे दोघांना बसता येतं.